भाऊ वकील आणि किसुमूचं लग्न

भाऊ वकिलांना कुणी नमस्कार केला की ते विचारायचे, "कशाबद्दल?"

समोरचा माणूस गडबडून जायचा. जोडलेले हात तसेच राहायचे. नमस्कार कशाबद्दल करतात, हे सांगलीत कुणाला ठाऊक असणार? मग भाऊ वर म्हणायचे, "काम असेल तर सांगा. नसेल तर हात खाली घ्या, दुखतील." कोर्टाच्या आवारात लोक त्यांना लांबून वळसा घालून जायचे ते यामुळेच. मी ज्युनियर म्हणून पहिल्या दिवशी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मलाही त्यांनी हेच विचारलं, आणि मी बावळटासारखं खरंच उत्तर दिलं, "तुमच्या विद्वत्तेबद्दल." "ती तुम्हाला कुठं भेटली?" असं म्हणून त्यांनी फायलींचा गठ्ठा माझ्या अंगावर टाकला आणि माझी वकिली सुरू झाली.

भाऊ मूळचे साताऱ्याचे. वकिली सांगलीत, बिऱ्हाड माधवनगरला, आणि प्रेम तिन्हींपैकी कशावरच नाही. सातारकर आधी भांडतो आणि मग कोर्टात येतो, सांगलीकर आधी कोर्टात येतो आणि मग भांडण शोधतो, असं त्यांचं मत होतं. माधवनगरबद्दल विचारलं तर म्हणत, गिरणीचा भोंगा वेळेवर होतो, शिस्तीची अशी तेवढी एकच गोष्ट तिथं आहे. अंगानं किरकोळ, कोट दोन मापं मोठा, डोक्यावर केस मोजकेच आणि तेही भाऊंशी फटकून वागणारे. या माणसाला घाबरायचं कशाला, असं पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं. मग भाऊ तोंड उघडायचे. एका पक्षकारानं त्यांना आपल्या चुलत्याच्या खोटेपणाची कहाणी पार आजोबांपासून ऐकवली. भाऊंनी सगळी ऐकून घेतली आणि म्हणाले, "तुमचा चुलता एवढा हुशार आहे, तर वकील म्हणून त्यालाच का नाही धरलंत?"

आता कुणी म्हणेल, फटकळ असतील, पण आतून प्रेमळ असतील. अजिबात नव्हते. तिखट बोलणाऱ्या माणसाच्या पोटात कुठंतरी माया दडलेली असते, असं लोकांना उगाचच वाटतं. भाऊंच्या पोटात आम्लपित्त होतं. मी दहा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली आणि त्या दहा वर्षांत त्यांनी मला चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. एकदा फक्त म्हणाले होते की, तुमचं अक्षर बरं आहे, मजकूर दुसऱ्या कुणाचा तरी घालत चला.

जगाला एवढं तुच्छ लेखणाऱ्या या माणसाला स्वतःची हौस मात्र भारी होती, आणि ती अगदी शाळकरी होती. हायकोर्टाच्या निकालांचे जाडजूड ग्रंथ छापून येतात. त्यांत एखाद्या निकालाखाली आपलं नाव यावं, एवढं एकच स्वप्न भाऊ आयुष्यभर उराशी धरून होते. आता सांगलीतल्या मारामाऱ्या, पाटाच्या पाण्यावरून फुटलेली डोकी आणि चोरलेल्या बैलजोड्या यांतून कुठलं आलंय नाव? त्यासाठी कायद्याचा नवा, कुणी फारसा न उकरलेला मुद्दा लागतो. भाऊंनी तो हेरून ठेवला होता. हिंदुस्तानच्या माणसानं हिंदुस्तानाबाहेर गुन्हा केला, तर इथलं कोर्ट त्याला शिक्षा देऊ शकतं का?

या प्रश्नावर भाऊ न्हाव्याच्या खुर्चीत बोलत, एस.टी.च्या रांगेत बोलत, लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढणाऱ्याला थांबवून बोलत. त्यांचं म्हणणं तसं सोपं होतं आणि बरोबरही होतं. आपल्या दंडविधानात स्पष्ट लिहिलंय की, भारताचा नागरिक जगात कुठंही गेला तरी हा कायदा त्याच्यासोबत जातो. बोट बदला, विमान बदला, टोपी बदला, हा मानेवरून उतरत नाही. तो माणूस परत येऊन आपल्या हद्दीत जिथं सापडेल, तिथलं कोर्ट त्याचा गुन्हा तिथंच घडला असं समजून त्याला जाब विचारू शकतं. फक्त एक मेख होती. खटला चालवायचा तर सरकारची आधी परवानगी लागते. पूर्वी ती मुंबईहून मिळायची. नवी फौजदारी संहिता आली आणि परवानगी गेली दिल्लीला. "मुंबईला निदान बस तरी जायची," असं भाऊ म्हणत.

मुद्दा तयार होता, माणूस मिळत नव्हता. कृष्णाकाठचा माणूस गुन्हे करायला शिवेबाहेर जात नाही, त्याची सगळी सोय घराजवळच असते. अशात एक दिवस शालन आली.

शालन कडेगावच्या अलीकडच्या एका गावातली. बाप सैन्यातून सुभेदार होऊन परतलेला, ऊसवाला, बऱ्यापैकी खाऊनपिऊन असलेला. तिला शिवेपलीकडच्या गावात दिली होती. नवरा जयवंत साखर कारखान्यात पॅनवर होता. उसाचा रस आटवून साखरेचा दाणा पाडण्याचं ते काम असतं आणि ज्याचा हात त्यात बसला त्याला मागणी असते. आफ्रिकेत केनियात किसुमू नावाच्या शहराजवळ साखर कारखाने निघाले होते, तिथं आपल्या भागातली बरीच माणसं जात होती. जयवंतही गेला. शालन सासूपाशी राहिली. जयवंतची पत्रं आधी महिन्याला आली, मग सणाला, मग बंद झाली. शेवटी आला तो फोटो. जयवंत फेटा बांधून, गळ्यात हार, शेजारी तिथल्या एका दुकानदाराची मुलगी, मागं देवळाची पायरी. सासूनं तो फोटो ओट्यावर बसून आल्यागेल्याला दाखवला आणि शालन आपली ट्रंक घेऊन बापाच्या घरी आली.

ती आमच्यासमोर बसली तेव्हा तिची मान खाली नव्हती, हे मला आठवतं. अशा बायका पदर तोंडाशी धरून बसतात, त्यांच्या वतीनं बाप बोलतो. इथं बाप गप्प होता. ती म्हणाली, "मला पोटगी नगं. जिमीन नगं. गावात समदी मला टाकलेली म्हंत्यात. माझंच कायतरी वंगाळ असंल म्हंत्यात, त्याबिगर नवरा कशाला दुसरी करंल? त्यानं गुन्हा केलाय, हे सरकारनं तोंडानं म्हनावं. येवढंच पायजे."

ती पोलिसांकडे जाऊन आली होती. तिथल्या फौजदारानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि आफ्रिका माझ्या हद्दीत येत नाही, असं सांगितलं होतं. कडेगावच्या एका वकिलानं तर हातच जोडले होते. तिकडचं लग्न तिकडं, इकडची बायको इकडं, मध्ये समुद्र, असं त्याचं कायद्याचं ज्ञान. सासरकडची मंडळी हेच वाक्य गावभर सांगत फिरत होती.

सुभेदारांना मात्र हे काही केल्या पटत नव्हतं. त्यांनी एकदाच तोंड उघडलं आणि विचारलं, "साहेब, आमच्या पलटनीतल्या गड्यानं मुलखाभायेर जाऊन चोरी केली, तर त्याचं कोर्ट मार्शल तितंच हुयाचं. कायदा आमच्या संगट जायाचा. मग ह्यो काय आभाळातनं पडला?"

भाऊ खुर्चीत सरळ झाले. "सुभेदार, तुम्ही चुकून बरोबर आहात," म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढी स्तुती मी कुणाची ऐकली नव्हती.

मी भाऊंचा चेहरा बघत होतो. एखाद्या पोराला जत्रेत हवं ते खेळणं दिसावं तसा तो झाला होता. समोर एक बाई बसलीय, तिचा संसार मोडलाय, गाव तिच्या नावानं बोटं मोडतंय, यातलं त्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. त्यांना दिसत होता तो मुद्दा. हिंदू माणूस, पहिली बायको हयात, परदेशात देवळात रीतसर दुसरं लग्न. त्याच देवळातल्या पंगतीत जेवलेला शिरवळचा एक फिटर सुट्टीवर आलेला, म्हणजे साक्षीदारही हजर. त्यांनी वकीलपत्र तिथल्या तिथं घेतलं आणि ती गेल्यावर मला म्हणाले, "देव आहे हो. आत्तापर्यंत पुरावा नव्हता."

मग दिल्लीशी व्यवहार सुरू झाला. त्याचं वर्णन काय करायचं? भाऊंनी असा अर्ज लिहिला की वाचणाऱ्याला वाटावं, हा माणूस परवानगी मागत नसून दिल्लीला परीक्षेला बसवतोय. पहिलं उत्तर आलं की अर्ज संबंधित खात्याकडे पाठवला आहे. दुसरं उत्तर आलं की संबंधित खातं ते नसून दुसरं आहे. तिसऱ्यात विचारलं होतं की, किसुमू कोणत्या जिल्ह्यात येतं. हे वाचून भाऊंना इतका आनंद झाला की त्यांनी ते पत्र बाररूममध्ये प्रत्येकाला वाचून दाखवलं. आपल्याला जगाबद्दल जे वाटत होतं ते खरं निघाल्याचा तो आनंद होता. शालन दर महिन्याच्या तारखेला येई, बाकावर बसे, "आलं का?" विचारी आणि परत जाई. गावाकडं तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावत नव्हतं. चुलतबहिणीच्या लग्नात तिला नवरीजवळ उभं राहू दिलं नव्हतं. हे ती कधी सांगायची नाही, सुभेदार चहा पिताना माझ्याजवळ सांगायचे. भाऊंच्या कानावर मी घातलं तर म्हणाले, "हा पुरावा नाही."

आणि अशात जयवंत नव्या बायकोला घेऊन सुट्टीवर गावी आला. मोटार कडेगावहून भाड्यानं आणली होती. त्याला आधीच सल्ला मिळालेला होता की बिनघोर ये, तिकडं केलेल्या गोष्टीला इथं कुत्रं विचारत नाही. तो गळ्यात कॅमेरा अडकवून गावभर हिंडला, शिवेवर येऊन सुभेदारांच्या मळ्याकडं तोंड करून फोटो काढून गेला म्हणे.

तो इथंच थांबला असता तर सुखानं परत गेला असता. पण त्याला आई होती.

म्हातारीनं नव्या सुनेला दारातच अडवलं. तिचं म्हणणं असं की, आफ्रिकेत काय झालं ते देवाला ठाऊक, माझ्या दारात अक्षता पडल्याशिवाय ही उंबरा ओलांडणार नाही. फोटो दाखवून ज्या बाईनं शालनला घराबाहेर घालवलं, तीच आता म्हणत होती की फोटोतलं लग्न हे लग्नच नव्हे. त्यात भावकी रुसलेली. आम्हाला बोलावणं नाही, मानपान नाही, मामाला फेटा नाही, मग लग्न झालं असं मानायचं कशावरून? पाहुण्यांनी तर साफ सांगितलं की हळद लागल्याशिवाय त्या घरचं पाणी पिणार नाही. झालं! ठरला मुहूर्त. दारात मांडव पडला, कऱ्हाडहून बँड आला, हळद लागली, अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, होमाभोवती सात पावलं चालून झाली आणि अख्खं गाव जेवून गेलं. सातासमुद्रापार बिनबोभाट केलेला गुन्हा या दिवट्यानं आईच्या हट्टापायी आपल्या अंगणात, वाजंत्री लावून, दोन-तीनशे साक्षीदारांसमोर नव्यानं केला. असली अक्कल फक्त आमच्याच भागात पिकते. तिला खत लागत नाही की पाणी लागत नाही.

सुभेदार ही बातमी घेऊन धापा टाकत आले तेव्हा मी खुर्चीतून उडालोच. आता दिल्ली नको, परवानगी नको, किसुमू नको. गुन्हा विट्याच्या कोर्टाच्या हद्दीत घडला होता. कडेगाव तेव्हा तालुक्याचं गाव झालं नव्हतं, त्या भागाचं कोर्ट विट्याला होतं. उद्याच्या उद्या फिर्याद दाखल करता येत होती.

भाऊंचं तोंड पडलं. "गाढव!" एवढंच म्हणाले. मला वाटलं जयवंतला म्हणताहेत. नंतर कळलं की त्यांचा राग जयवंतच्या मूर्खपणावर नव्हता, त्यानं मुद्दा खराब केला यावर होता. अंगणातलं लग्न कुठलाही चिल्लर वकील चालवील, असं म्हणाले. त्याचा उल्लेखसुद्धा आपण करायचा नाही. आपण किसुमूवरच राहायचं, दिल्लीला आणखी एक अर्ज धाडायचा, आणि जयवंत सुट्टी संपवून परत गेला तरी हरकत नाही, पुढच्या वेळी सापडेलच. मी वाद घातला. त्यांनी मला माझ्या अक्षराची आठवण करून दिली.

सुभेदारांच्या मागून आलेली शालन दाराशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत आली, बसली नाही.

"आवं वकीलसाहेब," ती म्हणाली, "तुमी दिल्लीची वाट बघा. मला तवर त्याच गावाच्या शिवेला जगायचं हाय. त्यो तितं मांडव घालून बसलाय, आन् मी तुमच्या पुस्तकात नाव येस्तवर टाकलेली ऱ्हाऊ व्हय?"

भाऊंना त्यांच्याच ऑफिसात असं कुणी बोललं नव्हतं. पुस्तकाचं तिला कुणी सांगितलं, म्हणून ते माझ्याकडं बघायला लागले. मी खिडकीबाहेर पाहिलं. मग भाऊंनी पेनच्या टोपणानं टेबलावर टकटक केली आणि मला म्हणाले, "घ्या लिहून. पण शुद्ध लिहा." आणि अंगणातल्या लग्नाची फिर्याद त्यांनी एका दमात सांगितली, तोंडात कडू गोळी धरल्यासारखी.

कोर्टानं जामीन देताना जयवंतचा पासपोर्ट ठेवून घेतला, म्हणून तो निसटू शकला नाही. विट्याचा तो खटला मी जन्मभर विसरणार नाही. दुसऱ्या लग्नाच्या खटल्यात फिर्यादी बहुतेक वेळा एकाच जागी आपटतो. लग्नाचे विधी पुरे झाले हे शाबीत करावं लागतं, आणि साक्षीदार फक्त जेवण कसं होतं ते सांगतात. आमचे साक्षीदारही तसलेच. एकाला बुंदी आठवत होती, दुसऱ्याला बँड. भाऊ कपाळाला हात लावून बसले. शेवटी भटजींना पिंजऱ्यात उभं केलं. विरुद्ध बाजूच्या वकिलांनी त्यांना घोळात घ्यायला विचारलं, "गर्दी होती, घाई होती, सप्तपदी नीट झालीच नाही, हो ना?" सहज हो म्हणून भटजी सुटले असते. पण ते पेटले. माझ्या हातून सप्तपदी अर्धी राहील? माझे वडील आणि आजोबा याच गावात लग्नं लावत होते, म्हणाले. आणि कोर्टानं थांबवेपर्यंत त्यांनी प्रत्येक पावलाचा मंत्र म्हणून दाखवला.

मग त्या वकिलांनी शेवटचा डाव टाकला. अंगणात झालं ते लग्न नव्हतंच, म्हाताऱ्या आईच्या समाधानासाठी केलेला देखावा होता, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. का? तर या दोघांचं खरं, रीतसर लग्न आधीच किसुमूच्या देवळात झालं होतं! भाऊ सावकाश उठले. माझ्या विद्वान मित्रांचं एवढं वाक्य जसंच्या तसं नोंदवून घ्यावं, अशी त्यांनी विनंती केली. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मान खाली घातली, हसू दिसू नये म्हणून. तिकडचं लग्न खरं म्हणावं तर आरोपीनं गुन्हा तिकडं केला, खोटं म्हणावं तर इकडं केला. तिसरी जागा पृथ्वीवर शिल्लक नव्हती. विरुद्ध बाजूचे वकील खाली बसले ते कागद चाळत राहिले, आणि जयवंत आईकडं बघत राहिला.

अंगणातले विधी भटजींच्या साक्षीनं शाबीत झाले आणि शिक्षा झाली. सहा महिने कैद आणि दंड. अपिलात थोडी घटली, पण दोष कायम राहिला. बाररूममध्ये लोक भाऊंचं अभिनंदन करायला आले तर म्हणाले, "मी कुठं जिंकलो? आरोपीची आई जिंकली. त्या बाईनं परदेशातल्या लग्नाला मान्यता नाकारली, आणि दिल्लीला जे जमलं नाही ते एका दुपारी करून दाखवलं." यात थट्टा होती, पण कळही होती. निकालात किसुमूचं नाव फक्त एका ओळीत आलं होतं: परदेशी विवाहाबाबत या न्यायालयास मत देण्याचे कारण नाही.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर सुभेदार पेढे वाटत होते. शालननं पेढा हातात धरून ठेवला होता. तिनं भाऊंना विचारलं, "तिकडं केलं त्याला कोर्ट काय म्हनलं?"

"काही नाही म्हणालं," भाऊ म्हणाले.

"मग झालं काय?" ती म्हणाली. "हितं मांडव घातला तो म्हातारीला जेवान घालायला. गुन्हा तिकडं झाला. फोटु आला त्या दिशी मी मेले. त्या दिसाचं कुणीच काय म्हनलं न्हाई."

मला भाऊंचा रागच आला, की बघा, तुमच्या त्या मुद्द्याचं वेड हिलाही लावलंत. पण ते तसं नव्हतं हे मला उशिरा समजलं. अख्ख्या सांगली जिल्ह्यात किसुमूच्या त्या लग्नाशी देणंघेणं असलेली दोनच माणसं होती. एकाला त्यातून छापील नाव हवं होतं. दुसरीचा त्यात जीव गेला होता. मागणं मात्र दोघांचं एकच होतं, आणि मी शहाणा, मधल्या मध्ये दोघांनाही वेड्यात काढत होतो.

भाऊंनी दिल्लीशी लढाई चालूच ठेवली. आता त्यात पुस्तकात नाव येण्याचा काही संबंध उरला नव्हता, कारण आरोपी शिक्षा भोगून मोकळा झाला होता आणि असला शिळा खटला हायकोर्टापर्यंत जातो कशाला? तरी अर्ज जात राहिले. त्यांची भाषा आता सरळ झाली होती, टोमणे कमी झाले होते, आणि ते मला फार चमत्कारिक वाटायचं. भाऊ गेले त्याच्या आदल्या हिवाळ्यात दिल्लीचं शेवटचं उत्तर आलं. आरोपीस एकदा शिक्षा झालेली असल्यानं परवानगी देण्याची आवश्यकता वाटत नाही. भाऊंनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "चला, कडेगावला."

खेड्यात ते सहसा जात नसत. धूळ, कुत्री आणि आदरातिथ्य या तीन गोष्टींचा त्यांना त्रास होई. एस.टी.त ते तोंडावर रुमाल धरून बसले. उतरल्यावर मळ्याच्या वाटेनं चालताना दोनदा थांबले. तब्येत तेव्हाच गेलेली होती. सुभेदारांच्या ओट्यावर आम्ही टेकलो तोवर बातमी पसरली होती. सांगलीचा वकील आलाय म्हटल्यावर भावकी गोळा झाली, बायका दारात आल्या, सासरच्या गावचे दोघंतिघं ऊसतोडीच्या निमित्तानं आलेले होते तेही भिंतीला टेकून उभे राहिले. शालन पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

मला वाटलं होतं, भाऊ तिला बाजूला घेऊन चार शब्दांत नकार सांगतील. ते तिथंच, सगळ्यांदेखत बोलले. म्हणाले, "बाई, दिल्लीनं नाही म्हटलं. म्हणजे कोर्ट आता ते बोलणार नाही. म्हणून मी सांगायला आलोय. तुझ्या नवऱ्यानं किसुमूला जे लग्न केलं, तो गुन्हा होता. समुद्रापलीकडं केला तरी गुन्हाच होता. हे मी म्हणत नाही, या देशाचा कायदा म्हणतो. त्या दिवशी गुन्हेगार तो होता. तुझ्यात काही वंगाळ नव्हतं."

भिंतीजवळच्या एकानं हळूच काहीतरी म्हटलं आणि शेजारचा हसला. भाऊंनी तिकडं एकदा पाहिलं.

मला मनात हसू येत होतं. याला कायद्याच्या दृष्टीनं किंमत काय? शून्य. एका म्हाताऱ्या, खोकणाऱ्या वकिलानं ओट्यावर बसून दिलेला निकाल. त्याची नक्कल मिळत नाही, त्यावर शिक्का नसतो. पण शालनचे डोळे भरून आले होते, आणि एवढ्या वर्षांत कोर्टात, ऑफिसात, निकालाच्या दिवशीसुद्धा मी ते भरलेले पाहिले नव्हते. तिनं तांब्या खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं.

"आवं, परत एकदा म्हना," ती म्हणाली. "मोट्यानं म्हना. त्या भित्ताडाकडच्यास्नी ऐकू गेलं न्हाई."

भाऊ खांबाला धरून उठले, कोट नीट केला, आणि कोर्टात कधी लावला नव्हता एवढा आवाज लावून त्यांनी ते पहिल्या शब्दापासून परत सांगितलं.